विश्लेषण : करोनाच्या दोन वर्षांत मागे पडलेला कर्करोग, कोणत्या सवयी खरोखर उपयोगाच्या?

२०२२ च्या सुरुवातीला करोनाची तिसरी लाट ओसरू लागली होती. राज्यातील शाळा २४ जानेवारीपासून पुन्हा उघडल्या, कार्यालये आणि बाजार पूर्ववत होत होते. अशा वेळी ४ फेब्रुवारीचा जागतिक कर्करोग दिन आला होता. त्याआधीची दोन वर्षे आरोग्याची सगळी चर्चा ऑक्सिजन, खाटा आणि लस यांभोवतीच फिरली. या काळात कर्करोग थांबला नव्हता, फक्त त्याच्याकडे पाहणे थांबले होते. तपासण्या राहिल्या, उपचार लांबले, अनेकांचे चालणे-फिरणे बंद झाले आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या सल्ल्याचा घरोघरी भडिमार झाला. या सगळ्याचा कर्करोगाच्या धोक्याशी काय संबंध आहे, कोणत्या सवयींना भक्कम आधार आहे आणि ज्यांचे उपचार पूर्ण झाले आहेत त्यांनी या काळात काय सांभाळायचे, याचा हा आढावा.

टाळेबंदीत नेमके काय बिघडले?

देशातील ४१ कर्करोग रुग्णालयांची आकडेवारी ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १ मार्च ते ३१ मे २०२० हे तीन महिने आणि आधीच्या वर्षाचे तेच तीन महिने यांची तुलना होती. २०१९ मध्ये या रुग्णालयांत १ लाख १२ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ही संख्या ५१ हजारांच्या घरात आली. म्हणजे घट ५४ टक्क्यांची. जुन्या रुग्णांच्या फेरतपासणीच्या भेटी ४६ टक्क्यांनी, मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी आणि बाह्यरुग्ण विभागातील किमोथेरपी ३७ टक्क्यांनी कमी झाली. कर्करोगाची लक्षणे नसलेल्यांसाठी जी पूर्वतपासणी होते, ती ७० टक्क्यांहून अधिक केंद्रांत एकतर पूर्ण बंद होती किंवा नेहमीच्या क्षमतेच्या पाव भागापेक्षाही कमी चालू होती.

याचा अर्थ रुग्णालयांनी दरवाजे लावून घेतले असा नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने शस्त्रक्रिया सुरू ठेवण्याचा निर्णय घेतला. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तिथे ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. त्यातील सहा रुग्ण नंतर करोनाबाधित आढळले, पण शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. योग्य काळजी घेतली तर साथीतही कर्करोगाचे उपचार सुरक्षितपणे करता येतात, हे यातून दिसले. अडचण होती ती रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची. रेल्वे बंद, एसटी बंद, जिल्ह्याच्या सीमा ओलांडायला पास, मुंबईत राहायला जागा नाही आणि वर संसर्गाची भीती. गडचिरोली किंवा नांदेडहून मुंबईला येणाऱ्या रुग्णासाठी यातला प्रत्येक अडथळा खरा होता.

नोंदणी कमी झाली म्हणजे रुग्ण कमी झाले असे नाही का?

नाही. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या ‘ग्लोबोकॅन’ अंदाजानुसार २०२० या वर्षात भारतात कर्करोगाचे सुमारे १३ लाख २४ हजार नवे रुग्ण आणि साडेआठ लाख मृत्यू अपेक्षित होते. यात स्तनांचा कर्करोग पहिल्या, तोंडाचा दुसऱ्या आणि गर्भाशयमुखाचा तिसऱ्या क्रमांकावर आहे. कर्करोगाची गाठ तयार व्हायला बहुधा अनेक वर्षे लागतात. त्यामुळे तीन महिन्यांत नोंदणी निम्म्यावर येते तेव्हा आजार घटलेला नसतो. तो घरातच, निदानाविना राहिलेला असतो.

विलंबाची किंमत किती, याचे उत्तर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणातून मिळते. सात प्रकारच्या कर्करोगांचा विचार करून त्यात असे आढळले, की शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली तर मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. काही प्रकारच्या रेडिएशन आणि औषधोपचारांत हे प्रमाण याहून जास्त आहे. एका महिन्याच्या उशिराने सगळे संपते असे नव्हे, पण महिने साचत गेले की धोकाही साचत जातो. तोंडातला चट्टा काढून टाकण्याइतका लहान असताना रुग्ण आला तर उपचार लहान असतो. जबडा आणि मानेतील गाठींपर्यंत आजार पसरल्यावर आला, तर शस्त्रक्रिया मोठी, खर्च मोठा आणि बरे होण्याची शक्यता कमी.

सवयी बदलून किती कर्करोग टळू शकतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ३० ते ५० टक्के कर्करोग टाळता येण्याजोगे आहेत. तंबाखू, दारू, स्थूलपणा, बैठे जीवन, निकृष्ट आहार, काही विषाणूंचा संसर्ग आणि प्रदूषण ही त्यामागची मुख्य कारणे. म्हणजे सवयींना महत्त्व आहेच. पण याच वाक्याची दुसरी बाजू अशी, की उरलेले निम्म्याहून अधिक कर्करोग सवयी बदलून टळत नाहीत. वय, आनुवंशिकता आणि पेशी विभाजनातील आपोआप होणाऱ्या चुका यांचाही वाटा आहे.

हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे कर्करोग झाला की ‘काहीतरी चुकलेच असेल’ असे बोलले जाते. आयुष्यात कधी तंबाखूला न शिवलेल्या महिलेला फुप्फुसाचा कर्करोग होतो, रोज चालणाऱ्या माणसाला रक्ताचा कर्करोग होतो. चांगल्या सवयी धोका कमी करतात, हमी देत नाहीत. त्यामुळे सवयींची चर्चा ही धोका कमी करण्याची चर्चा आहे, रुग्णाला दोष देण्याची नव्हे.

महाराष्ट्रात पहिला मुद्दा तंबाखूचाच का?

कारण टाळता येण्याजोग्या कारणांत तो सर्वांत मोठा आहे आणि त्याचे इथले रूप वेगळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. त्यात धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आसपास आहेत, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे सिगारेटच्या पाकिटावरचे चित्र कितीही भयंकर केले तरी राज्यातील मुख्य प्रश्न चुना लावून मळलेल्या तंबाखूचा, विदर्भातल्या खऱ्ऱ्याचा, माव्याचा आणि सकाळी दात घासण्याच्या नावाखाली लावल्या जाणाऱ्या मशेरीचा आहे. मशेरीला अनेक महिला व्यसन मानतच नाहीत. पोट साफ होते, दात दुखायचे थांबतात, अशी कारणे दिली जातात. पण तंबाखू भाजला तरी त्यातील नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक द्रव्ये नष्ट होत नाहीत.

सुपारीबद्दलचा गैरसमज याहून जुना आहे. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. सततच्या सुपारीमुळे गालाच्या आतला भाग कडक होत जातो आणि तोंड उघडणे कमी होते. तिखट खाल्ले की आग होणे, तोंडात तीन बोटे उभी न जाणे, ही त्याची लक्षणे. ही कर्करोगपूर्व अवस्था आहे.

करोनाने तंबाखू सोडण्याची एक संधीही दिली होती. १५ एप्रिल २०२० च्या केंद्रीय आदेशात दारू, गुटखा आणि तंबाखूची विक्री बंद करण्याचे आणि सार्वजनिक ठिकाणी थुंकण्यावर बंदी घालण्याचे निर्देश होते. पानटपऱ्या बंद झाल्या. पुडी मिळेना म्हणून काहींनी सोडली, काहींनी दामदुप्पट किंमत मोजून मिळवली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरीही तो मिळतो, हे लक्षात घेतले तर बंदी एकटी पुरत नाही हे कळते. सोडण्यासाठी मदत लागते. केंद्र सरकारच्या १८००-११२-३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. निकोटिनची च्युइंगम आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायची औषधेही आहेत. पहिले काही दिवस चिडचिड, झोप न लागणे, बद्धकोष्ठता होते, पण ही शरीर सावरत असल्याची लक्षणे आहेत. मशेरी लावणाऱ्या महिलेला कोठा साफ न होण्याची भीती असते. तिला पाणी, पालेभाज्या आणि काही दिवसांचा धीर यांचा सल्ला आधी द्यावा लागतो.

साथीच्या सुरुवातीला धूम्रपान करणाऱ्यांना करोना कमी होतो, असा एक दावा समाजमाध्यमांवर फिरला होता. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच स्पष्ट केले, की धूम्रपान करणाऱ्यांना करोनाचा गंभीर आजार होण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे तंबाखू सोडण्याचा फायदा दोन्ही आजारांत आहे.

दारूचे प्रमाण ‘थोडे’ असेल तर?

मे २०२० मध्ये दारूची दुकाने उघडली तेव्हाच्या रांगा अनेकांना आठवत असतील. त्यानंतर राज्यात घरपोच दारूलाही परवानगी मिळाली. तणाव, एकटेपणा आणि रिकामा वेळ यांत घरातले पिणे वाढण्यास वाव होता. दारूचा संबंध लोक यकृताशी जोडतात. कर्करोगाशी सहसा जोडत नाहीत. प्रत्यक्षात तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि महिलांमध्ये स्तन, या सर्व ठिकाणच्या कर्करोगांशी दारूचा संबंध सिद्ध झाला आहे. जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०२० मधील ७ लाख ४० हजारांहून अधिक नवे कर्करोग, म्हणजे एकूण रुग्णांपैकी सुमारे ४ टक्के, दारूमुळे झाले.

बिअर, वाइन की देशी, याने फरक पडत नाही. शरीरात मद्यार्काचे ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींतील डीएनएला इजा करते. कर्करोगाच्या दृष्टीने सुरक्षित अशी मात्रा दाखवता आलेली नाही. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंड आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. पूर्ण सोडणे उत्तम. न जमल्यास जितके कमी तितके बरे, इतकेच प्रामाणिकपणे सांगता येते.

वजन आणि व्यायाम यांचा कर्करोगाशी काय संबंध?

स्थूलपणाचा किमान १३ प्रकारच्या कर्करोगांशी संबंध असल्याचे जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले. त्यात रजोनिवृत्तीनंतरचा स्तनांचा, गर्भाशयाच्या अस्तराचा, मोठ्या आतड्याचा, मूत्रपिंडाचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. चरबीच्या पेशी नुसत्या साठवणीचे काम करत नाहीत. त्या संप्रेरके तयार करतात, इन्सुलिनची पातळी वाढवतात आणि शरीरात सौम्य दाह सतत चालू ठेवतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात जास्त वजनाच्या महिलांचे प्रमाण चौथ्या फेरीतील २०.६ टक्क्यांवरून पाचव्या फेरीत २४ टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्ये ते १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर पोहोचले. या पाहणीचा मोठा भाग करोनापूर्वीच झाला होता. म्हणजे घरातून काम, बंद मैदाने आणि मोबाइलवरची शाळा यांची भर पडण्याआधीच वजनाचा काटा वर सरकत होता.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये शारीरिक हालचालींची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम, असा सल्ला त्यात आहे. मध्यम श्रम म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, अशा वेगाने चालणे. दिवसाला २५ मिनिटे झाली तरी आठवड्याचा किमान आकडा गाठता येतो. सोसायटीचे जिने, गच्ची, चाळीची गॅलरी, शेताचा बांध कुठेही हे जमते. व्यायामशाळा बंद असल्याने व्यायाम बंद, असे समीकरण नाही. मात्र घरकाम आणि शेतमजुरी करणाऱ्या महिलेला ‘व्यायाम करा’ सांगण्याआधी तिची हालचाल आधीच किती होते, हे पाहायला हवे. तिला बहुधा व्यायामापेक्षा पुरेसे अन्न, विश्रांती आणि तपासणीची जास्त गरज असते.

ताटात काय असावे? काढ्यांचे काय?

कर्करोग रोखणारा एकच पदार्थ अस्तित्वात नाही. एकूण आहाराची घडण महत्त्वाची असते. दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे, भरपूर तंतुमय धान्य आणि कडधान्ये, कमी साखर आणि मीठ, हा जागतिक सल्ला आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी-चवळीची भाजी, कोशिंबीर आणि हंगामी पेरू किंवा केळे, हे ताट त्या सल्ल्यात सहज बसते. तंतुमय पदार्थांमुळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, याचा पुरावा चांगला आहे. सॉसेज, सलामी, हॅम यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले आहे.

करोनाकाळात प्रतिकारशक्तीच्या नावाखाली गोळ्या, चूर्णे आणि काढे यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. घरचा आले-तुळशीचा चहा एखादा कप घेणे निराळे आणि महिनोन्महिने रोज औषधी काढे, गुळवेल, जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेणे निराळे. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. २०२० च्या अखेरीस यकृताला इजा होऊन आलेल्या या रुग्णांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचे म्हटले. वाद मिटलेला नाही, पण किमो घेणाऱ्या रुग्णासाठी त्यातून मिळणारा धडा सोपा आहे. किमोची अनेक औषधे यकृतातूनच निकामी होतात. त्यामुळे यकृतावर ताण आणणारी किंवा औषधाचा परिणाम बदलणारी कोणतीही गोष्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी असे नसते. कर्करोग टाळण्यासाठी पूरक गोळ्यांवर विसंबू नये, असाच आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संस्थांचा सल्ला आहे.

तपासणीला ‘सवय’ का म्हणायचे?

कारण भारतात जास्त आढळणारे तीन कर्करोग, म्हणजे तोंडाचा, स्तनांचा आणि गर्भाशयमुखाचा, डोळ्यांनी, हाताने किंवा साध्या चाचणीने लवकर सापडू शकतात. यासंबंधीचे जगाला मान्य झालेले काही पुरावे महाराष्ट्रातूनच गेले आहेत.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक महिलांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने गर्भाशयमुखाची तपासणी करून घेण्यात आली. पेशींत दोष असेल तर तो भाग पांढरा पडतो. या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. याच अभ्यासात स्तनांची हाताने तपासणीही झाली. तिचे वीस वर्षांचे निष्कर्ष साथ चालू असतानाच, फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ५० वर्षांवरील महिलांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. केरळमध्ये तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांच्या तोंडाची नुसत्या नजरेने तपासणी केल्यावर मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले.

असे असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या महिला शंभरात दोनही नाहीत. स्तन आणि तोंडाच्या तपासणीचे प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. वास्तविक तिशीनंतर दर पाच वर्षांनी या तिन्ही तपासण्या सरकारी आरोग्य केंद्रांत व्हाव्यात, अशी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ पासून आहेत. करोनाने थांबवलेली तपासणी मुळातच इतकी तोकडी होती.

घरी काय पाहावे? महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर तोंड पूर्ण उघडून गाल, जीभ आणि जिभेखालचा भाग बघावा. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, स्तनातली गाठ किंवा कातडीवर पडलेली खळी, पाळी गेल्यानंतरचा किंवा संबंधांनंतरचा रक्तस्राव, शौचातून रक्त, गिळायला त्रास, कारण नसताना वजन घटणे, यांपैकी काही आढळल्यास दाखवायला हवे. खोकल्याबाबत करोनाकाळात विशेष गोंधळ होता. करोना चाचणी निगेटिव्ह आली म्हणून खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये. तीन आठवड्यांहून जास्त राहिला तर क्षयरोग आणि फुप्फुसाचा कर्करोग, दोन्ही तपासून घ्यावेत.

उपचार पूर्ण झालेल्यांनी काय सांभाळायचे?

कर्करोगाचे उपचार संपले की घरच्यांना वाटते सगळे संपले. रुग्णाला तसे वाटत नाही. थकवा, आजार परतण्याची भीती, नोकरीतली अडचण आणि शरीरात झालेले बदल पुढे चालू असतात. करोनात यावर एकांतवासाची भर पडली. संसर्ग होईल या भीतीने अनेकांना महिनोन्महिने एका खोलीत ठेवले गेले.

थकव्यावर विश्रांती हा पहिला विचार असतो. अभ्यास उलटे सांगतात. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास मध्यम श्रमाचा व्यायाम केल्याने उपचारानंतरचा थकवा, चिंता आणि नैराश्य कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या तत्त्वांतही कर्करोगातून सावरलेल्यांसाठी स्वतंत्र सल्ला आहे. सुरुवात दहा मिनिटांनी करावी. हाडांत आजार पसरलेला असेल, हृदयावर परिणाम करणारी औषधे घेतली असतील किंवा रक्तातील पेशी कमी असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

स्तनांच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. तो हात वापरणे बंद करू नये. शिकवलेले व्यायाम चालू ठेवावेत, पण जखम, भाजणे, किडा चावणे यांपासून जपावे. तोंडाच्या कर्करोगानंतर जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करावे लागतात. टाळेबंदीत फिजिओथेरपी बंद पडली तेव्हा सर्वाधिक नुकसान अशा रुग्णांचे झाले. उपचारानंतर पुन्हा तंबाखूकडे वळणे हा सर्वांत मोठा धोका आहे. त्याने जुना आजार परतू शकतो आणि दुसरा नवा कर्करोगही होऊ शकतो.

स्तनांच्या कर्करोगात पाच ते दहा वर्षे घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या मध्येच सोडू नयेत. औषध संपत आले तर दूरध्वनीवरून सल्ला घेण्याची सोय आहे. दूरवैद्यकीय सल्ल्याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० लाच लागू झाली असून ई-संजीवनी ही सरकारी सेवा त्यावरच चालते. मात्र नव्याने लागलेली गाठ फोनवर तपासता येत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष जावेच लागते.

किमो चालू असलेल्यांसाठी एक सूचना जिवाची आहे. ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त झाला तर करोना चाचणीच्या अहवालाची वाट पाहत घरी बसू नये. पांढऱ्या पेशी कमी असताना येणारा ताप काही तासांत रक्तातील जंतुसंसर्गापर्यंत जाऊ शकतो. लगेच उपचार करणाऱ्या रुग्णालयाला कळवून तिथे पोहोचावे.

लसीबद्दल कर्करोग रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

१ मार्च २०२१ रोजी ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांसाठी लसीकरण सुरू झाले, त्या यादीत कर्करोगही होता. १० जानेवारी २०२२ पासून साठीवरील सहव्याधीग्रस्तांना दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिन्यांनी खबरदारीची मात्रा मिळू लागली. उपचारांमुळे काही रुग्णांत, विशेषतः रक्ताच्या कर्करोगात, लसीचा प्रतिसाद कमी असू शकतो. त्यामुळे लस घेतल्यावरही मास्क लावावा आणि घरातल्या प्रत्येकाने लस घ्यावी. किमोच्या वेळापत्रकात लस कधी बसवायची हे डॉक्टर ठरवतील. लस घेतल्यावर काखेत काही दिवस गाठ येऊ शकते, ती बहुधा आपोआप जाते. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेल्या महिलांनी शक्यतो दुसऱ्या बाजूच्या दंडात लस घ्यावी आणि मॅमोग्राफीच्या वेळी लसीची तारीख सांगावी.

लस करोनाचीच असते असे नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत एचपीव्ही विषाणूवर लस आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १७ नोव्हेंबर २०२० रोजी हा कर्करोग हद्दपार करण्याचे धोरण जाहीर केले. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के महिलांची तपासणी आणि दोष आढळलेल्या ९० टक्के महिलांवर उपचार, असे त्याचे उद्दिष्ट आहे. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत भारतात ही लस राष्ट्रीय लसीकरणात आलेली नव्हती आणि खासगीत ती महाग होती.

मग सगळी जबाबदारी व्यक्तीचीच का?

सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबवली. आशा सेविका घरोघरी गेल्या, ताप आणि ऑक्सिजन मोजला, सहव्याधींची नोंद केली. दारापर्यंत पोहोचणारी यंत्रणा आपल्याकडे आहे, हे त्यातून सिद्ध झाले. तीच यंत्रणा तोंडात न भरलेली जखम आहे का, पाळी गेल्यावर रक्तस्राव होतो का, एवढे दोन प्रश्न विचारू शकते. मात्र त्यासाठी आशांना प्रशिक्षण आणि योग्य मोबदला हवा, आणि संशयित रुग्णाला पाठवायला जवळ बायॉप्सीची सोय हवी. नाहीतर नुसती यादी तयार होते आणि रुग्ण तिथेच राहतो.

नोव्हेंबर २०२१ पासून लांबलेल्या एसटी संपामुळे ग्रामीण रुग्णांचा प्रवास पुन्हा अडला होता. कर्करोग रुग्णांना एसटीत सवलत आहे, पण गाडीच नसेल तर सवलतीचा उपयोग काय? खासगी वाहनाचे भाडे हा उपचाराइतकाच जड खर्च होतो. व्यक्तीने तंबाखू सोडावा, चालावे, नीट खावे, तपासणीला जावे, हे सगळे खरे. पण गावात तपासणी नाही, जिल्ह्यात निदान नाही आणि शहरापर्यंत जायला गाडी नाही, अशा ठिकाणी चांगल्या सवयी एका मर्यादेपर्यंतच साथ देतात.

तिसऱ्या लाटेनंतर रुग्णालयांपुढे दोन वर्षांचे थकलेले काम असणार होते. राहिलेल्या फेरतपासण्या, लांबलेल्या शस्त्रक्रिया आणि उशिरा आलेले नवे रुग्ण एकाच वेळी येणार होते. ज्यांची फेरतपासणी २०२० किंवा २०२१ मध्ये चुकली आहे त्यांनी आणखी वाट न पाहता आताच तारीख घ्यावी. ज्यांना एखादे लक्षण जाणवत आहे पण करोनामुळे दाखवायचे राहिले, त्यांच्यासाठीही हीच वेळ आहे.